वृद्धांचा निवारा व त्यांची शुश्रूषा

वृद्धाश्रम हा शब्द उच्चारला कीं आपल्या मनांत प्रथम उभा राहतो तो मुलांच्या कृतघ्नतेचा प्रश्न. मुलानें आईला घराबाहेर काढलें, सुनेनें सासऱ्याला जेवूं घातलें नाहीं, अशा हकीकती आपण ऐकतों, हळहळतों आणि विषय तेथेंच संपतो. आज मला या विषयाच्या दुसऱ्या, कमी हृदयद्रावक परंतु अधिक निकडीच्या अंगाविषयीं बोलावयाचें आहे. वृद्ध माणूस घरीं राहो वा आश्रमांत राहो, ज्या दिवशीं त्याला आपलें आपण उठून बसतां येईनासें होतें त्या दिवशीं त्याला उठवून बसवणारा हात कोणाचा? त्या हाताचा पगार कोणी द्यावयाचा? आणि तो हात वेळेवर आला नाहीं तर जाब कोणाला विचारावयाचा? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरतें पाहिलें तरी या प्रश्नाचें स्वरूप पुरेसें स्पष्ट होतें.

हे दोन जिल्हे मूळचे एकाच घरचे. १ ऑगस्ट १९४९ रोजीं जुन्या सातारा जिल्ह्याची वांटणी होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा अस्तित्वांत आला. सांगली, मिरज, जत वगैरे विलीन संस्थानांचा मुलूख त्यांत आला, आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. २०११ च्या खानेसुमारींत साताऱ्याची लोकसंख्या ३० लाख ३ हजारांवर, तर सांगलीची २८ लाख २२ हजारांवर भरली. त्या वेळीं साऱ्या देशांत साठीपुढील माणसांचें प्रमाण शेंकडा ८.६ होतें, महाराष्ट्रांत तें शेंकडा ९.९ होतें.

या मुलुखांतला तरुण माणूस पोटासाठीं बाहेर पडणारा. पाटण-जावळीकडचा माणूस मुंबईच्या गिरण्यांत गेला, गोदींत गेला, माथाडी कामाला लागला. माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील हे सातारा जिल्ह्यांतलेच, आणि १९६९ सालच्या माथाडी कायद्याचा आधार या जिल्ह्यांतील किती तरी कुटुंबांना मिळाला. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतले सोनें-चांदी गाळणारे गलाई कारागीर तर देशाच्या कोनाकोपऱ्यांत पसरले. २०११ सालीं महाराष्ट्रांत दर हजार पुरुषांमागें ९२९ स्त्रिया होत्या. साताऱ्यांत हा आंकडा ९८८ होता. ही कांहीं अंशीं घर सोडून गेलेल्या पुरुषांचीच नोंद समजावी.

मागें उरतात तीं म्हातारीं माणसें. घर आपलें असतें, थोडी जमीन असते. पूर्वीं दरमहा मनिऑर्डर येई. आतां पैसे परस्पर खात्यांत जमा होतात. म्हणजे पैसा पोंचतो, पण सून पोंचत नाहीं, मुलगा पोंचत नाहीं. यांत कोणी दुष्ट असावें लागत नाहीं. जो मुलगा कोचीन किंवा कोइमतूर येथें भट्टी चालवतो, त्यानें आटपाडीस पडलेल्या बापाची कूस दर दोन तासांनीं कशी बदलावी? एकत्र कुटुंब मोडल्याबद्दल आपण पुष्कळ विलाप केला आहे. परंतु त्या एकत्र कुटुंबांत म्हाताऱ्यांची शुश्रूषा कोणी केली, याचा हिशेब फार थोड्यांनीं मांडला. ती केली घरांतल्या बायकांनीं, विनावेतन, आणि बहुधा त्यांची इच्छा न विचारतां. आज त्याच बायका शिक्षिका आहेत, कारकून आहेत, अंगणवाडीसेविका आहेत. त्यांनीं घरीं परत यावें असा उपदेश करणाऱ्यानें आधीं स्वतःचा राजीनामा द्यावा!

आतां एक नेहमींचें उदाहरण घ्या. सत्तर-पंचाहत्तर वर्षांची बाई न्हाणींत घसरते, खुब्याचें हाड मोडतें. तिला मिरजेस नेतात. मिरज हें वैद्यकीय विद्येचें जुनें ठाणें, डॉ. विल्यम वानलेस यांनीं तेथें मिशनचें इस्पितळ १८९४ सालीं उघडलें आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालीं निघालें. शस्त्रक्रिया उत्तम होते. २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येक माणसाला केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेखालीं वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळूं शकतो. त्याच वर्षीं राज्य सरकारनें वयोश्री योजना काढून पासष्टीपुढील गरजूंना चष्मा, काठी, चाकाची खुर्ची अशा साधनांसाठीं एकदांच तीन हजार रुपये देऊं केले. निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजनेचें निवृत्तिवेतन आहे. तें २०२३ सालीं दरमहा दीड हजार रुपये झालें. म्हणजे शस्त्रक्रियेला पैसा आहे, खुर्चीला पैसा आहे, धान्याला थोडाबहुत पैसा आहे. आठ-दहा दिवसांनीं बाई घरीं परतते, आणि त्या खुर्चीवर तिला उचलून बसवण्यासाठीं मात्र कोणत्याही योजनेंत तरतूद सांपडत नाहीं.

अशा वेळीं वृद्धाश्रमाची आठवण होते. आपल्याकडे या संस्था अगदीं नव्या नाहींत. पुण्यांतील डेव्हिड ससून यांच्या नांवाचें अनाथ-पंगुगृह, म्हणजे आजचा 'निवारा', गेल्या शतकाच्याही आधींच्या, १८६० नंतरच्या दशकांतला. १९६३ पासून राज्य सरकार स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना माणशीं अनुदान देत आलें. त्या योजनेंत पुरुषाला साठ आणि स्त्रीला पंचावन्न वर्षांची वयोमर्यादा होती, आणि अनुदानाचा आंकडा दीर्घकाळ माणशीं दरमहा नऊशें रुपये होता. १९९५ सालीं मातोश्री वृद्धाश्रम योजना निघाली. प्रत्येक जिल्ह्यांत शंभर वृद्धांची सोय होईल असा एक आश्रम, असा तो संकल्प होता. १९९९ सालीं केंद्रानें वृद्धांसंबंधीं राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. धोरणांचें आपल्याला कधींच दुर्भिक्ष नव्हतें.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा. महाराष्ट्रांत तो १ मार्च २००९ पासून लागू झाला, आणि त्याखालील राज्याचे नियम २०१० सालीं निघाले. त्यांतील पोटगीचें अंग आतां लोकांच्या परिचयाचें झालें आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढें साधा अर्ज करावा, नव्वद दिवसांत निकाल अपेक्षावा, दरमहा जास्तींत जास्त दहा हजार रुपयांचा हुकूम मिळूं शकतो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलें बक्षीसपत्र अट मोडल्यास रद्द करवून घेतां येतें. हें सर्व उपयुक्त आहे. परंतु पोटगीचा हुकूम घेऊन बाहेर पडलेल्या म्हाताऱ्याला त्या रात्रीं कोण पाणी देणार, या प्रश्नाचें उत्तर पोटगींत नाहीं. तें असलें तर कलम १९ मध्यें असावयास हवें.

कलम १९ असें सांगतें कीं राज्य सरकार सोयीच्या ठिकाणीं, टप्प्याटप्प्यानें, प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक याप्रमाणें वृद्धाश्रम स्थापूं शकेल आणि त्यांत निदान दीडशें निर्धन ज्येष्ठ नागरिकांची सोय करील. 'स्थापील' असें नव्हे. 'स्थापूं शकेल' असें. कायद्याच्या भाषेंत या दोन क्रियापदांमध्यें फार मोठें अंतर आहे. पहिल्यानें नागरिकाला मागण्याचा हक्क मिळतो, दुसऱ्यानें सरकारला देण्याची मुभा मिळते. २०१८ सालीं अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयाला, कोणत्या जिल्ह्यांत किती वृद्धाश्रम आहेत ही माहिती राज्यांकडून गोळा करा, असें केंद्राला सांगावें लागलें. कायदा होऊन अकरा वर्षें लोटल्यावरही मोजणीपासून सुरुवात करावी लागली.

आंकड्याचाही विचार करून पहा. साठीपुढील माणसांचें राज्याचेंच प्रमाण साताऱ्याला लावलें तरी २०११ सालीं त्या जिल्ह्यांत सुमारें तीन लाख वृद्ध होते असें धरावें लागेल. त्यांच्यासाठीं दीडशें जागा म्हणजे दोन हजारांमागें एक खाट. सर्वांनाच आश्रम हवा असतो असें मुळींच नाहीं. पण हा आंकडा गरज मोजून काढलेला नसून तो देशांतल्या सगळ्या जिल्ह्यांना सारखाच लावलेला आहे, हें उघड दिसतें.

याहूनही महत्त्वाची गोष्ट त्या 'निर्धन' या शब्दांत आहे. येथें थोडें इंग्लंडकडे पाहूं. तेथें १८३४ च्या दरिद्र-कायद्यानें निराधारांसाठीं श्रमगृहें उभीं केलीं. आंतल्या माणसाची स्थिति बाहेरच्या अगदीं गरीब मजुराहूनही कष्टाची असावी, म्हणजे फुकट खाण्यास कोणी येणार नाहीं, हें त्यांचें उघड तत्त्व. म्हातारींकोतारीं माणसें त्याच तत्त्वाखालीं भरडलीं गेलीं. नवरा-बायकोची ताटातूट होई, आणि साठीपुढील जोडप्यांना तींतून सूट देण्यासाठीं १८४७ सालीं निराळा कायदा करावा लागला. पुढें एक शतकानें, १९४८ च्या कायद्यानें, दरिद्र-कायदा तेथें संपला. त्याच कायद्यानें वय, दुर्बलता वगैरे कारणांमुळें ज्यांना दुसरीकडे न मिळणारी शुश्रूषा हवी आहे, अशांना राहण्याची जागा देणें हें स्थानिक मंडळांचें कर्तव्य ठरवलें. जागा मिळण्याचें माप दारिद्र्य हें राहिलें नाहीं, शुश्रूषेची गरज हें झालें. ऐपत पाहून शुल्क मात्र घेतलें जाई.

आपला २००७ चा कायदा अजून पहिल्या मापावर उभा आहे. सांगलीच्या गांवभागांत राहणारा एखादा निवृत्त शिक्षक घ्या. त्याला निवृत्तिवेतन आहे, म्हणून तो निर्धन नाहीं. पक्षाघातानें त्याचें उजवें अंग गेलें आहे, बायको त्याच्याच वयाची आहे, मुलगी पुण्यास आहे. कलम १९ ला हा माणूस दिसतच नाहीं. आणि जो निर्धन आहे, तो तरी आंत जातो का?

येथें मूळ दुखण्यावर बोट पडतें. बहुतेक वृद्धाश्रमांच्या प्रवेशपत्रिकेंत एक अट निरनिराळ्या शब्दांत आढळते: अर्जदार आपलीं नित्याचीं कामें स्वतः करणारा असावा, अंथरुणाला खिळलेला, स्मृतिभ्रंश झालेला अथवा दुर्धर रोगानें आजारी नसावा. प्रवेशानंतर तशी अवस्था आल्यास नातेवाइकांनीं त्याला घेऊन जावें. म्हणजे ज्याला दोन्ही पाय आहेत त्याला आश्रम आधार देतो, आणि पाय गेले कीं हात काढून घेतो. मौज अशी कीं कायद्याची इच्छा याच्या अगदीं उलट आहे. केंद्रानें २००९ सालीं राज्यांपुढें ठेवलेल्या नमुना-नियमांत असें सांगितलें आहे कीं जागांपेक्षां अर्ज अधिक आले तर अधिक गरजूला आधीं घ्यावें, आणि बाकी सर्व समान असेल तर अधिक वयाच्या माणसाला प्राधान्य द्यावें. ज्याला अर्जही करतां येत नाहीं अशा अतिवृद्धाला अर्जावांचूनही घेतां यावें. कागदावर प्राधान्य अधिक दुबळ्याला, दारावर प्राधान्य अधिक धडधाकटाला!

संस्थाचालक निर्दय आहेत म्हणून असें होतें काय? कांहीं असतीलही. पण बहुतेकांच्या बाबतींत कारण साध्या अंकगणितांत आहे, आणि तें अंकगणित आपण एकदां मांडून पाहूं. वीस अंथरुणग्रस्त माणसांचें एक घर समजा. सकाळीं आंघोळी, कपडे, जेवण भरवणें यांसाठीं चार माणसें लागतील, दुपारीं तीन, रात्रीं दोन. ही बेतशीर, किंबहुना कंजूष आखणी आहे. दिवसाच्या नऊ पाळ्या, आठवड्याच्या त्रेसष्ट. एक माणूस आठवड्यांत सहा पाळ्या करील, म्हणजे साडेदहा माणसें झालीं. आजारपण आणि रजा धरल्या तर बारा. प्रत्येकाला महिन्याला बारा हजार रुपयेच दिले असें धरूं, तरी एक लाख चव्वेचाळीस हजार होतात. वीस जणांवर वांटले तर माणशीं सात हजार दोनशें रुपये. यांत अन्न नाहीं, औषध नाहीं, दुपट्यांचा खर्च नाहीं, इमारत नाहीं, परिचारिका नाहीं. आणि सरकारी अनुदानाचा आंकडा दीर्घकाळ होता नऊशें! या दोन आंकड्यांमध्यें जी खाई आहे तींत आपले अंथरुणग्रस्त वृद्ध पडलेले आहेत. आश्रमाचा चालक ती खाई भरूं शकत नाहीं, म्हणून प्रवेशपत्रिकेंत अट घालून दार लावतो. किंवा अट न घालतां, रात्रीं एकच बाई चाळीस जणांना ठेवतो, आणि मग पाठीला जखमा होतात. दुसरा प्रकार मला पहिल्याहून वाईट वाटतो.

नमुना-नियमांत इमारतीची मापें आहेत. निजण्याच्या खोलींत माणशीं साडेसात चौरस मीटर, आणि स्वयंपाकघर, भोजनगृह, करमणुकीची खोली धरून माणशीं बारा चौरस मीटर. उतरते रस्ते हवेत, हाताशीं कठडे हवेत, वाचनालय हवें, व्यवस्थापक मंडळांत तेथें राहणाऱ्यांचे प्रतिनिधि हवेत. हें सारें चांगलेंच आहे. शेवटची सूचना तर फारच चांगली, आणि ती कितीशी पाळली जाते हें प्रत्येक घरानें आपल्या ओळखीच्या आश्रमांत विचारून पहावें. परंतु फरशी मोजण्यांत जो काटेकोरपणा आहे तो माणसें मोजण्यांत नाहीं.

मग तपासणी कोण करतें? येथें तीन कायदे एकमेकांकडे बोट दाखवतात. बहुतेक आश्रम हे सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून १९५० च्या कायद्याखालीं नोंदलेले असतात. धर्मादाय आयुक्तांचें कार्यालय त्यांचे हिशेब पाहतें, पण कुशीवरची जखम हिशेबाच्या वहींत उमटत नाहीं. दुसरा कायदा शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा, मुंबई राज्याचा, १९४९ चा. आजार, इजा किंवा दुर्बलता यांनीं ग्रस्त माणसांना ठेवून घेऊन त्यांचे उपचार व शुश्रूषा जेथें होते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी त्याची व्याख्या आहे. दुर्बलता हा शब्द त्यांत पहिल्यापासून असतां हा कायदा प्रसूतिगृहांना आणि इस्पितळांना लावण्याकडेच कल राहिला. म्हाताऱ्यांना पैसे घेऊन ठेवणाऱ्या जागा सहसा त्याच्या बाहेरच समजल्या गेल्या. तिसरा २००७ चा कायदा; त्याचा रोख निर्धनांच्या आश्रमांवर, म्हणजे शुल्क घेणाऱ्या खासगी घरांची नोंदणी त्यांत सक्तीची नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं डिसेंबर २०१९ मध्यें लोकसभेंत दुरुस्तीचें विधेयक आलें होतें. वृद्धांचीं शुश्रूषाघरें, दिवसाचीं केंद्रें आणि घरीं जाऊन सेवा देणाऱ्या संस्था, या सर्वांची नोंदणी व किमान दर्जा त्यांत सुचवला होता. पोटगीची दहा हजारांची मर्यादाही काढावयाची होती. तें मंजूर होण्यापूर्वींच २०२४ मध्यें ती लोकसभा संपली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलें.

या दोन जिल्ह्यांची भूमि मधूनमधून आपलीही तपासणी करीत असते. सांगलींत आयर्विन पुलापाशीं कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्या आसपास चढलें. २००५ आणि २०२१ सालींही महापूर आले. आतां वृद्धांचें घर बांधणारा कोणताही शहाणा माणूस सांगेल कीं खोल्या तळमजल्यावर असाव्या, जिना नसावा. सांगलीच्या नदीकांठचा माणूस सांगेल कीं तळमजला हीच पहिली बुडणारी जागा. दोघांचेंही बरोबर आहे. वीस अंथरुणग्रस्त माणसांना मध्यरात्रीं वरच्या मजल्यावर न्यावयाचें तर एकेकाला दोघे लागतात, आणि रात्रपाळीला असतात दोघेच. म्हणून अशा घराची जागा पूररेषेच्या बाहेर निवडणें ही येथें सोयीची नव्हे, शुश्रूषेचीच बाब आहे. साताऱ्याकडे धोका निराळा. वाई-पांचगणीच्या बाजूला हवा उत्तम, म्हणून निवृत्तांच्या निवासाची कल्पना तिकडे मनाला फार भुरळ घालते. पांचगणीची वस्तीच मुळीं गेल्या शतकाआधींच्या साहेबांनीं हवेसाठीं वसवली. पण ऐंशीव्या वर्षीं माणसाला हवेहून अधिक गरज मोठ्या इस्पितळाच्या रस्त्याची असते, आणि घाटांत पावसाळ्यांत तो रस्ता कसा असतो हें तेथील रहिवाशांना विचारावें.

तर मग करावयाचें काय? प्रत्येक जिल्ह्याला दीडशें खाटांचें एकच मोठें गृह, ही कल्पना मला मुळांतच चुकीची वाटते. साताऱ्यांत अकरा तालुके आहेत, सांगलींत दहा. जतच्या पूर्वेकडील गांवांतल्या म्हातारीला सांगलीला आणून ठेवलें तर तिची बोली, तिची भाकरी आणि तिला भेटावयास येणारी शेजारीण, तिन्ही एकदम जातात. लहान, तालुक्याच्या गांवीं, वीस-पंचवीस माणसांचीं घरें असावीं. केंद्राच्या योजनेंत पंचवीस वृद्धांच्या घरांना साह्य आहे, आणि ज्यांना अखंड शुश्रूषा लागते किंवा ज्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे अशा निदान वीस जणांच्या घरांचीही निराळी तरतूद आहे. ही दुसरी तरतूद फार थोड्या संस्थांना ठाऊक असते. खरें पाहतां सरकारी पैसा प्रथम तिकडे वळावयास हवा.

दुसरें असें कीं घर आणि शुश्रूषा हीं दोन एकाच गांठोड्यांत बांधण्याची आवश्यकता नाहीं. पीटर टाउनसेंड या इंग्रज समाजशास्त्रज्ञानें इंग्लंड-वेल्समधील १७३ वृद्धगृहें स्वतः पाहून १९६२ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. तेथें राहणाऱ्यांपैकीं पुष्कळांना गृहाची खरी गरजच नाहीं, त्यांना सोयीचें लहान घर आणि दारीं येणारी मदत मिळाली तर तीं आपल्या पायांवर राहतील, असा त्याचा निष्कर्ष होता. डेन्मार्कनें १९८७ सालीं कायद्यानेंच जुन्या पद्धतीचीं शुश्रूषागृहें नवीं बांधणें थांबवलें आणि वृद्धांसाठीं सोयीचीं घरें बांधावयास सुरुवात केली. शुश्रूषा ही नगरपालिकेची, आणि माणूस जेथें असेल तेथें ती रात्रंदिवस जाणार. डेन्मार्क श्रीमंत आहे, लहान आहे, तेथें कर जबर आहेत, हें सर्व मान्य. तरीही एक धडा गरीब मुलुखालाही घेतां येतो: आटपाडीच्या म्हाताऱ्याला घर आहेच. त्याला नवें छप्पर नको. सकाळीं एक तास आणि संध्याकाळीं एक तास येणारी शिकलेली बाई हवी, आणि तिचा पगार नियमित हवा. टाउनसेंडनें पाहिलें तें हें कीं जो घरीं राहूं शकतो तोही गृहांत आहे. आपल्याकडे त्याला दुसरी अर्धी ओळ जोडावी लागते, कीं जो घरीं राहूंच शकत नाहीं तो गृहाच्या बाहेर आहे.

हें या मुलुखाला अशक्य आहे असें मला वाटत नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यांत वसतिगृह उघडलें, आणि गांवोगांवच्या मूठमूठ धान्यावर मुलांना जेवूं घातलें. तीं मुलें परक्या जातींचीं, परक्या गांवांचीं होतीं. तरी त्यांचा सांभाळ हें सार्वजनिक काम आहे असें जिल्ह्यानें मानलें. तीच मुलें पुढें मुंबईस गेलीं, निवृत्त झालीं, म्हातारीं झालीं. त्यांच्या अखेरच्या दिवसांचा सांभाळ मात्र आपण पुन्हां घरचा खासगी मामला ठरवला आहे. मुठीच्या धान्यावर शुश्रूषा चालणार नाहीं, तिला पगार लागतो. पण नगरपालिका, जिल्हा परिषद आणि साखर कारखाने यांच्या या प्रदेशांत पगाराची तजवीज हा कल्पनेपलीकडचा विषय नव्हे. मिरज आणि कराड या दोन्ही ठिकाणीं परिचारिका तयार होतात. त्यांच्या शेजारीं सहा महिन्यांचा परिचारकांचा वर्ग चालवणें कितीसें अवघड आहे?

तें होईपर्यंत घरोघरीं निर्णय हे घ्यावेच लागणार. आपल्यापैकीं कोणी आज एखाद्या आश्रमाची प्रवेशपत्रिका हातांत धरून बसले असतील, तर त्यांनीं देणगीच्या आंकड्याआधीं कांहीं गोष्टी विचाराव्या. रात्रपाळीला किती माणसें असतात, आणि त्यांतली एक रजेवर असली तर कोण येतें? इस्पितळांतून परत आल्यावर खाट राखून ठेवतात कीं नाहीं? चालणें थांबलें किंवा ओळख पुसली गेली तर माणसाला ठेवून घेतात कीं परत पाठवतात, आणि तें लेखी देतात का? भरलेली अनामत रक्कम कोणत्या अटीवर परत मिळते? व्यवस्थापक मंडळांत तेथें राहणारा एखादा तरी माणूस आहे का? सांगलीच्या बाजूला असाल तर २०१९ सालीं पाणी कोठवर आलें होतें, तें भिंतीवर दाखवावयास सांगा. गैरवर्तन दिसल्यास १४५६७ हा वृद्धांच्या मदतीचा विनामूल्य दूरध्वनि आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्यांकडेही जातां येतें. आणि आश्रम पहावयास रविवारीं दुपारीं जाऊं नये; त्या वेळीं सगळीकडे नीटनेटकें असतें. शक्य झाल्यास परवानगी घेऊन एखाद्या साध्या वारीं पहाटे साडेपांचला जावें. त्या वेळीं रात्रपाळी संपत असते आणि चादरी बदलल्या जात असतात.